भाड्याचा ढग आणि घरचा पहारा

ढग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे मृगाच्या पहिल्या सरीआधीचे काळेभोर आभाळ उभे राहते. आज ज्या ढगाविषयी मी बोलणार आहे, तो मात्र आभाळात नाही. तो जमिनीवरच आहे. मोठमोठ्या इमारतींत रांगेने मांडलेली हजारो संगणकयंत्रे, त्यांना अहोरात्र लागणारी वीज, त्यांचा ताप उतरविण्यासाठी खेळविलेली थंड हवा आणि ह्या इमारतींना जगाशी जोडणाऱ्या तारा, ह्या सर्वांना मिळून 'क्लाउड' हे नाव पडले आहे. नाव हवेतले, वस्तू भुईवरची. ही गोष्ट आरंभीच सांगून ठेवावीशी वाटते. कारण नावामुळे असा भ्रम होतो की, क्लाउडमध्ये ठेवलेली वस्तू कुठेच नसते आणि म्हणूनच ती निर्धोक असते. वस्तुतः ती कुठेतरी असतेच. कोणाच्या तरी घरात, कोणाच्या तरी किल्लीखाली असते.

आणि त्या घरात आज काय काय ठेवलेले असते? आपल्या जन्माची नोंद, जमिनीचा उतारा, मुलांचे परीक्षेतील गुण, वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा हिशेब, सरकारी दवाखान्यातील आजाराचे कागद. पूर्वी ही दप्तरे लाल कापडाच्या रुमालांत बांधून कचेरीतील लाकडी कपाटात ठेवीत आणि कपाटाची किल्ली कारकुनाच्या कमरेला असे. आता जगातील पुष्कळशा शासनांची दप्तरे क्लाउडमध्ये गेली आहेत, आणि तीही अनेकदा एकाच कंपनीच्या नव्हे, तर तीन-चार निरनिराळ्या कंपन्यांच्या. तेव्हा इतक्या ठिकाणी विखुरलेल्या दप्तरावर पहारा कोणी ठेवावयाचा आणि कसा ठेवावयाचा, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम क्लाउड म्हणजे काय, हे थोडक्यात पाहू. एके काळी ज्याला गिरणी चालवावयाची असे तो स्वतःचे इंजिन बसवी, त्याला कोळसा पुरवी, त्याची दुरुस्ती करी. पुढे वीज आली आणि तारेने घरपोच मिळू लागली. गिरणीवाल्याचे काम एवढेच उरले की, कळ दाबावयाची आणि महिनाअखेर मीटरप्रमाणे पैसे भरावयाचे. संगणकाच्या बाबतीत हाच बदल गेल्या वीस वर्षांत घडला. अमेरिकेतील मानके ठरविणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने २०११ च्या सप्टेंबरमध्ये क्लाउडची जी व्याख्या प्रसिद्ध केली, तिच्यात त्याची पाच लक्षणे सांगितली आहेत. हवे तेव्हा स्वतःच मागून घेता येणे, जाळ्यावरून कोठूनही वापरता येणे, एकाच यंत्रसमूहात अनेक ग्राहकांनी वाटेकरी असणे, गरजेप्रमाणे झटकन वाढविता-घटविता येणे, आणि जितका वापर झाला तितका मोजला जाणे. ह्या पाचांपैकी शेवटचे लक्षण ध्यानात ठेवावे. जे मोजता येते त्याची नोंद होते, आणि जिथे नोंद आहे तिथेच पहारा शक्य आहे.

शासनांना ही व्यवस्था मोहात पाडणारी होती. अमेरिकेत २०१० च्या अखेरीस 'प्रथम क्लाउड' असे धोरण ठरले. त्या देशाचे पहिले मुख्य माहिती-अधिकारी विवेक कुंद्रा ह्यांनी २०११ च्या फेब्रुवारीत त्याचा आराखडा मांडला. केंद्रशासन त्या काळी माहिती-तंत्रावर वर्षाला सुमारे ८० अब्ज डॉलर खर्च करीत असे, आणि त्यांपैकी २० अब्ज डॉलरांचे काम क्लाउडवर नेण्याजोगे आहे, असा त्यांचा अंदाज होता. पुढे २०१९ मध्ये ह्या धोरणाची जागा 'शहाणपणाने क्लाउड' अशा अर्थाच्या दुसऱ्या धोरणाने घेतली. 'प्रथम' हा शब्द जाऊन 'शहाणपण' हा शब्द आला, ह्यातच मधल्या आठ वर्षांचा अनुभव दिसून येतो.

आता कोणी विचारील की, क्लाउड घ्यावयाचाच तर एक घ्यावा. अनेकांचा संसार कशाला मांडावा? ह्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण असे की, सगळा भार एकाच खुंटीला टांगू नये. एकाच कंपनीच्या हाती सर्व दप्तर गेले म्हणजे ती सांगेल तो भाव द्यावा लागतो आणि ती अडली की आपणही अडतो. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने हा धडा जाहीरपणे गिरविला. दहा वर्षांत १० अब्ज डॉलरपर्यंतचे एकच कंत्राट एकाच कंपनीला देण्याचे त्या खात्याने योजिले होते आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ते मायक्रोसॉफ्टला दिलेही. परंतु वाद कोर्टात गेला, काम खोळंबले, आणि २०२१ च्या जुलैमध्ये ते कंत्राट रद्द करण्यात आले. त्याऐवजी २०२२ च्या डिसेंबरमध्ये ॲमेझॉन, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि ओरॅकल अशा चार कंपन्यांना मिळून ९ अब्ज डॉलरपर्यंतचे काम वाटून देण्याची व्यवस्था झाली.

दुसरे कारण असे की, काही दप्तर कोणत्याही भाड्याच्या घरात ठेवण्याजोगे नसते. ते शासनाच्या स्वतःच्या इमारतीत ठेवावे लागते, आणि म्हणून घरचा क्लाउड व बाहेरचा क्लाउड असे दोन्ही एकाच वेळी चालवावे लागतात. तिसरे कारण सर्वांत सामान्य आहे, पण ते कोणत्याही धोरणात लिहिलेले नसते. एका खात्याने एक कंपनी निवडलेली असते, शेजारच्या खात्याने दुसरी. दहा वर्षांनी कोणीतरी वरिष्ठ अधिकारी मोजदाद करावयास बसतो, तेव्हा त्याला कळते की, आपण चार घरांत बिऱ्हाड थाटले आहे आणि कोणत्या घरात काय ठेवले आहे हे आपल्यालाच ठाऊक नाही.

श्रोतेहो, आम्हां शिक्षकांना ही अडचण समजावून सांगण्यासाठी दूर जावे लागत नाही. अशी कल्पना करा की, एका शाळेचे वर्ग गावातल्या चार भाड्याच्या घरांत भरतात. प्रत्येक घराचा मालक वेगळा, रखवालदार वेगळा. पहिला रखवालदार येणाऱ्या-जाणाऱ्याचे नाव लिहितो पण वेळ लिहीत नाही. दुसरा वेळ लिहितो, पण त्याचे घड्याळ दहा मिनिटे मागे आहे. तिसरा सर्व काही लिहितो, पण वही दाखवावयाचे निराळे पैसे मागतो. चौथ्याची वही महिन्याने रद्दीत जाते. आता एका घरातून प्रयोगशाळेची दुर्बीण गेली आणि चोर चारही घरांतून फिरून गेला असेल, तर मुख्याध्यापकाने शोध कसा घ्यावा? निरनिराळे क्लाउड एकाच वेळी सांभाळणाऱ्या शासकीय खात्याची स्थिती अक्षरशः अशी असते. प्रत्येक कंपनीची परिभाषा वेगळी, परवानगी देण्याची रीत वेगळी, नोंदींची मांडणी वेगळी, बिलाचा नमुना वेगळा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. क्लाउड भाड्याने घेतला की राखणही मालकाकडे गेली, असे पुष्कळांना वाटते. पण ह्या व्यवसायात जबाबदारी वाटून घेतलेली असते. इमारत, वीज, यंत्रे आणि मूळ जोडणी ह्यांची राखण कंपनी करते. परंतु आत काय ठेवले, कोणाला आत येऊ दिले, कोणते दार उघडे ठेवले, ह्याचा जाब भाडेकऱ्यालाच द्यावा लागतो. घरमालकाने भक्कम दार बसवून दिले आणि भाडेकरी ते उघडे टाकून गावाला गेला, तर दोष दाराचा नाही.

मग भाडेकऱ्याने पहारा ठेवावा कसा? अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा विभागाने २०१२ साली शासकीय खात्यांच्या संगणकांवर सतत नजर ठेवण्याचा एक कार्यक्रम सुरू केला. त्याचा पाया चार साध्या प्रश्नांवर उभा आहे. आपल्या जाळ्यावर काय काय आहे? कोण कोण आहे? काय घडत आहे? आणि माहितीचे रक्षण कसे केले आहे? प्रत्येक खात्याने ह्या प्रश्नांची उत्तरे एका फलकावर मांडावयाची आणि खात्याखात्यांच्या फलकांचे सार केंद्राच्या एका फलकावर यावयाचे, अशी ही योजना आहे. हे चार प्रश्न इतके सोपे आहेत की, ते ऐकून हसू यावे. पण त्यांची खरी उत्तरे देणे किती कठीण आहे, हे पुढे दिसेलच.

पहिला प्रश्न यादीचा. प्रत्येक शाळेत डेडस्टॉकचे रजिस्टर असते. किती बाके, किती फळे, किती नकाशे, हे त्यात लिहिलेले असते आणि वर्षातून एकदा प्रत्यक्ष मोजून ताळा घेतला जातो. क्लाउडमध्ये हा ताळा वर्षातून एकदा घेऊन भागत नाही. तेथे नवे यंत्र भाड्याने घेण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि घेतलेले यंत्र विसरून जाण्यास तितकाही वेळ लागत नाही. विसरलेल्या यंत्राचे भाडे मात्र तासागणिक चालू राहते. शिवाय त्याच्याकडे कोणाचे लक्ष नसल्यामुळे चोराला शिरावयास ते सोयीचे दार होते. यास्तव उत्तम व्यवस्था अशी समजली जाते की, भाड्याने घेतलेल्या प्रत्येक यंत्रावर जणू एक पाटी लावलेली असावी. कोणत्या खात्याचे, कोणत्या कामासाठी, कोणत्या अधिकाऱ्याच्या जबाबदारीवर आणि कोणत्या तारखेपर्यंत. जिच्यावर पाटी नाही ती वस्तू आपोआप चौकशीत यावी. ह्या एकाच शिस्तीने खर्चाचा हिशेबही लागतो आणि पहाराही सुकर होतो.

दुसरा प्रश्न माणसांचा. कचेरीत बदल्या होतात, माणसे निवृत्त होतात, कंत्राटी कामगार काम संपवून जातात. गेलेल्या माणसाकडून कपाटाची किल्ली आपण आठवणीने परत घेतो. पण चार क्लाउडांत त्याची चार खाती असतील, तर तीन बंद होतात आणि चौथे राहून जाते. म्हणून शहाणी शासने सर्व क्लाउडांसाठी ओळखपत्र एकच ठेवतात. माणूस गेला की एकाच ठिकाणी खूण करावयाची आणि चारही दारे त्याला बंद व्हावयाची.

तिसरा प्रश्न, म्हणजे काय घडत आहे, हा पहाऱ्याचा प्राण आहे. त्याचे महत्त्व एका खऱ्या घटनेवरून जितके कळते तितके व्याख्येवरून कळणार नाही.

अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपला टपालव्यवहार मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमधून करते. २०२३ च्या १५ जूनला त्या खात्याच्या सुरक्षा-केंद्रातील कर्मचाऱ्यांना टपालपेट्या उघडल्या जाण्यात काही वेगळेपण जाणवले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः रचलेली एक इशाऱ्याची घंटा वारंवार वाजू लागली. तिला त्यांनी 'मोठी पिवळी टॅक्सी' असे गमतीचे नाव दिले होते. पेटीतील पत्र केव्हा व कशाच्या द्वारे उघडले गेले ह्याची जी नोंद क्लाउडमध्ये होते, ती वाचून काही वावगे दिसल्यास ही घंटा वाजे.

ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, हीच घंटा पूर्वी खोटीही वाजली होती. जे दिसत होते ते नेहमीचेच कामकाज असावे, असे मानून दुर्लक्ष करणे सोपे होते. लांडगा आला, लांडगा आला, हे वारंवार ऐकून कंटाळलेला गाव शेवटी जसा उठत नाही, तसेच येथेही झाले असते. परंतु त्या कर्मचाऱ्यांनी तपास केला आणि त्याच दिवशी कंपनीला कळविले. कंपनीने शोध घेतला, तेव्हा कळले की, १५ मेपासून, म्हणजे महिनाभर आधीपासून, चिनी राज्यव्यवस्थेशी संबंधित म्हणून ओळखली जाणारी एक टोळी टपालपेट्या वाचीत होती. चीनने हा आरोप नाकारला. जगभरातील २२ संस्था आणि ५०० हून अधिक व्यक्ती ह्या घुसखोरीच्या कक्षेत आल्या. त्यांत अमेरिकेच्या तत्कालीन वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो आणि चीनमधील अमेरिकेचे तत्कालीन राजदूत निकोलस बर्न्स होते. एकट्या परराष्ट्र खात्यातूनच सुमारे ६०,००० पत्रे उचलली गेली.

ही चोरी झाली कशी? क्लाउडमध्ये शिरणाऱ्याला एक परवाना दिला जातो आणि त्यावर कंपनीची गुप्त मोहोर असते. मोहोर खरी दिसली की दार उघडते. ह्या टोळीच्या हाती २०१६ साली बनविलेली अशी एक मोहोर लागली होती. ती केव्हाच बाद व्हावयास हवी होती, पण झाली नव्हती. शिवाय ती मूळची सर्वसामान्य ग्राहकांच्या टपालासाठी होती. तरी एका दोषामुळे शासकीय टपालाच्या दारावरही ती चालली. जत्रेच्या पासावरचा शिक्का दाखवून कोणी सरकारी खजिन्यात शिरावे, तसा हा प्रकार. अमेरिकी शासनाने नेमलेल्या सायबर-सुरक्षा परीक्षण मंडळाने २०२४ च्या एप्रिलमध्ये आपला अहवाल प्रसिद्ध केला. ही घुसखोरी टाळता येण्याजोगी होती आणि कंपनीच्या चुकांची साखळीच तिला कारणीभूत झाली, असा निर्णय त्या मंडळाने दिला.

विचार करा: येथे कुलूप तुटले नव्हते, परवाना खोटा असूनही मोहोर खरी होती. दारावरचा कोणताही रखवालदार फसलाच असता. चोर सापडला तो केवळ वहीत. आणि आता ह्या कथेतील सर्वांत महत्त्वाचा भाग सांगतो. ती वही सर्व ग्राहकांना मिळत नव्हती. अधिक भाड्याची जी सेवा होती, तिच्यातच ती नोंद पाहता येई. परराष्ट्र खात्याने ती वरच्या दर्जाची सेवा विकत घेतली होती, म्हणून त्याला दिसले. ज्यांनी ती घेतली नव्हती, त्यांच्या पेट्या उघडल्या गेल्या असत्या तरी पाहावयास वहीच नव्हती. ह्या घटनेनंतर टीका झाली आणि २०२३ च्या जुलैमध्ये मायक्रोसॉफ्टने अशा नोंदी अधिक भाडे न घेता पुष्कळ ग्राहकांना देण्याचे आणि साधारण नोंदी ९० ऐवजी १८० दिवस ठेवण्याचे जाहीर केले.

येथे शासनांना एक नियम मिळतो. क्लाउडचे कंत्राट करताना यंत्रांचा भाव ठरवावा, जागेचा ठरवावा. पण त्याआधी विचारावे की, माझ्या घरात कोण आले-गेले ह्याची वही माझ्या हाती येणार की नाही, आणि किती दिवस राहणार. वही मिळाली की ती मालकाच्या घरात ठेवून भागत नाही. चारही क्लाउडांच्या नोंदी एकाच साच्यात बसवून शासनाने आपल्या स्वतःच्या कोठारात आणल्या पाहिजेत. तेव्हाच एका क्लाउडमध्ये शिरून दुसऱ्यातून बाहेर पडणाऱ्या चोराची पावले एका ओळीत दिसतात.

असे नियम कागदावर आले आहेत. अमेरिकेच्या शासनाने २०२१ च्या ऑगस्टमध्ये आपल्या सर्व खात्यांना फर्माविले की, महत्त्वाच्या नोंदी १२ महिने हाताशी आणि त्यापुढे १८ महिने कोठारात ठेवाव्यात. ह्या कामी कोण किती पुढे गेला, हे त्या देशाच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तपासले. २०२३ च्या ऑगस्टपर्यंत, तपासलेल्या २३ खात्यांपैकी २० खाती ठरविलेल्या पायरीपर्यंत पोहोचली नव्हती. कारणे सांगितली गेली ती कुशल माणसांची उणीव, नोंदी जुळविण्यातील तांत्रिक अडचणी आणि एकमेकांना माहिती देण्यातील मर्यादा. इतक्या धनवान राष्ट्राची ही गत आहे. म्हणजे वानवा पैशापेक्षा माणसांची आणि शिस्तीची अधिक आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

आपल्याकडेही ह्या दिशेने पावले पडली आहेत. भारत सरकारने 'मेघराज' ह्या नावाने शासकीय क्लाउडची योजना आखली आणि २०१४ पासून राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राचा क्लाउड वापरात आला. दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर येथे त्या केंद्राची राष्ट्रीय माहिती-केंद्रे आहेत. त्याच्या जोडीला, तपासणीत उतरलेल्या खासगी कंपन्यांची नावे सूचीत घालून त्यांचे क्लाउड वापरण्याची मुभा शासकीय खात्यांना दिली जाते. महाराष्ट्र शासनाने २०१८ च्या जानेवारीत सार्वजनिक क्लाउडच्या वापराचे स्वतःचे धोरण जाहीर केले. म्हणजे घरचा आणि बाहेरचा असे अनेक क्लाउड येथेही एकत्र नांदत आहेत.

२८ एप्रिल २०२२ रोजी भारताच्या संगणक-आपत्कालीन प्रतिसाद पथकाने, म्हणजे 'सर्ट-इन'ने, जे निर्देश काढले त्यांत तीन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. घुसखोरी ध्यानात आल्यावर सहा तासांच्या आत कळवावयाचे. नोंदी १८० दिवस जपावयाच्या. आणि सर्व यंत्रांची घड्याळे राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्र किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळा ह्यांच्या घड्याळाशी जुळवून ठेवावयाची. ह्यांतील तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण मघाच्या दुसऱ्या रखवालदाराचे दहा मिनिटे मागे असलेले घड्याळ आठवावे. घड्याळे जुळत नसतील तर चार वह्यांतून एक कथा कधीच जुळत नाही. चोर शिरण्याआधीच बाहेर पडल्यासारखा दिसतो.

आता उरला चौथा प्रश्न, रक्षणाचा. माहिती दुसऱ्याच्या हाती पडू नये एवढ्यावर रक्षण संपत नाही. ती नष्टही होता कामा नये. दक्षिण कोरियाच्या शासनाने आपली दप्तरे परदेशी कंपन्यांवर न सोपविता पुष्कळशी स्वतःच्या राष्ट्रीय माहिती-केंद्रांत ठेवली होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांपैकी देजॉन शहरातील केंद्रात विजेचा साठा करणाऱ्या बॅटऱ्या हलविण्याचे काम चालू असता आग लागली. शासनाच्या ६४७ संगणकव्यवस्था बंद पडल्या. त्यांपैकी ९६ आगीनेच निकामी झाल्या. शासकीय कर्मचारी आपली कागदपत्रे ज्या सामाईक क्लाउडमध्ये ठेवीत, त्याचे ८५८ टेराबाइटांचे भांडार गेले, कारण त्याची दुसरी प्रत बाहेर कुठेही ठेवलेली नव्हती. भांडार फार मोठे असल्याने प्रत ठेवता आली नाही, असे कारण देण्यात आले. आणि ह्याहूनही बोधप्रद गोष्ट पुढेच आहे. काही दिवसांनी शासनाने सांगितले की, बंद पडलेल्या व्यवस्था ६४७ नसून ७०९ आहेत. आधी मोजणी चुकली, कारण ज्या व्यवस्थेत ह्या सर्वांची यादी होती, ती व्यवस्थाच त्या बंद पडलेल्या केंद्रात होती. ती पुन्हा सुरू झाल्यावर खरा आकडा कळला. डेडस्टॉकचे रजिस्टर ज्या कपाटात ठेवावे तेच कपाट जळावे, अशी ही अवस्था.

ही दूरदृष्टी काही नवी नाही. आम्हां ख्रिस्ती मंडळींच्या धर्मग्रामांत बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू ह्यांच्या नोंदवह्या पिढ्यान्‌पिढ्या ठेवल्या जातात. कॅथलिक चर्चच्या १९१७ च्या कायदेसंहितेत असा नियम होता की, दर वर्षअखेर ह्या वह्यांची खरी नक्कल करून ती बिशपांच्या कचेरीत पाठवावी. देऊळ गळो, वाळवी लागो की आग लागो, एक प्रत दुसऱ्या गावी सुखरूप असावी, ही सोय त्या नियमाने झाली. संगणकाचे नावही नव्हते तेव्हा एखाद्या खेड्यातील धर्मगुरू शाईने जे करीत होता, ते करावयास आजच्या शासनाला यंत्रे कमी पडत नाहीत. कमी पडते ती दर वर्षअखेरची आठवण.

ह्या साऱ्या विवेचनाचा इत्यर्थ थोडक्यात असा. क्लाउड अनेक असणे हा दोष नाही. एक कोसळला तर दुसरा हाताशी असावा, ही गोष्ट इष्टच आहे. परंतु घरे चार असली तरी यादी एक असावी, ओळखपत्र एक असावे, घड्याळ एक असावे, सर्व नोंदी एका ठिकाणी शासनाच्या स्वतःच्या ताब्यात याव्यात, आणि त्या यादीची व नोंदींची प्रत चारही घरांच्या बाहेर असावी. ह्यांतील कोणतेही काम कंत्राटदाराकडून करून घेता येईल, पण त्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येणार नाही.

आणि शेवटी माणूस हवा. यंत्रे दिवसाकाठी हजारो इशारे देऊ शकतात. इतक्या घंटा वाजू लागल्या म्हणजे कान बधिर होतात, आणि मग एखादे दिवशी खरी घंटाही खोटीच वाटते. म्हणून कोणत्या इशाऱ्याला किती महत्त्व द्यावयाचे हे ठरविणारी, आणि कंटाळा न करता तपास करणारी माणसे पगार देऊन, शिकवून, टिकवून ठेवावी लागतात. २०२३ च्या त्या जूनमध्ये साठ हजार पत्रांची चोरी उघडकीस आली ती मोठ्या यंत्रामुळे नव्हे. आधी खोटी ठरलेली घंटा पुन्हा वाजली असता उठून दाराशी जाण्याचा आळस कोणीतरी केला नाही, म्हणून ती उघडकीस आली.

आपण सामान्य नागरिकांनी ह्यात काय करावे? कचेरीच्या खिडकीशी 'यंत्र बंद आहे, उद्या या' असे उत्तर मिळाले की आपण मुकाट्याने परततो. परतावेच लागते, परंतु आपल्या लोकप्रतिनिधींना आपण काही प्रश्न अवश्य विचारू शकतो. आमचे दप्तर कोणाच्या घरात आहे? त्याची दुसरी प्रत कोठे आहे? ते कोणी उघडले ह्याची वही कोण वाचतो? आणि गेल्या वेळी ती कधी वाचली गेली? प्रश्न साधे आहेत. ज्या शासनाला त्यांची उत्तरे तत्काळ देता येतील, त्याने ढग कोणाचाही भाड्याने घ्यावा; पहारा त्याच्या घरचा आहे, असे आपण खुशाल समजावे.